चौथा पर्याय

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे. यवतमाळमधल्या एका भाड्याच्या ऑफिसात, लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात, तुटक्या चार्जरांच्या सोबतीने पडून असतो. माझ्यावर कधी कोणी गाणं ऐकलं नाही की खेळ खेळला नाही. खोक्यातून बाहेर आलो तो थेट कामाला लागलो. माझ्यात एकच गोष्ट भरलेली होती, ती म्हणजे प्रश्न.

कापसाच्या भागातल्या मुलांचा एक अभ्यास चालला होता. शाळा सोडून कामाला लागलेलं मूल मोठेपणी काय शिकतं, किती कमावतं, आणि अशी मुलं पुष्कळ असली तर सगळ्या मुलखाची प्रगती किती अडते, हे नागपूरच्या अभ्यासकांना आकड्यांत मांडायचं होतं. घरोघर जाऊन विचारायचं काम प्रेरणाकडे होतं. ती मुकुटबनची, शेतकरी घरातली मुलगी. सामायिक जीपमध्ये ती मला मांडीवर घट्ट धरून बसायची. मी एकही जागा कोरी सोडू देत नाही, म्हणून तिचे साहेब, कपिलसर, सगळ्यांसमोर माझं कौतुक करायचे. मलाही ते खरं वाटायचं.

त्या जानेवारीत आम्ही दारव्ह्याकडच्या एका तांड्यावर गेलो. कापसाची वेचणी जोरात होती. धरमसिंग नावाचा माणूस पायाला लागल्यामुळे घरीच होता. त्याची बायको जमनी वेचणीला गेली होती.

"मुलं किती, भाऊ?" प्रेरणाने विचारलं.

"दोन. उज्ज्वला बारा वर्साची. अन् शाम, वर्साचा झाला."

"उज्ज्वला शाळेत जाते?"

"दिवाळीपासून नाई जात."

"मग कामाला जाते?"

धरमसिंग घाईने म्हणाला, "नाई, नाई. कामाले नाई लावलं तिले. घरीच रायते."

तो खोटं बोलत नव्हता. माझ्या पडद्यावर चार पर्याय होते : शाळेत जाते, मजुरी करते, घरच्या शेतात राबते, काही करत नाही. पहिले तीन लागू नव्हते. प्रेरणाने चौथ्यावर बोट ठेवलं.

दारात उज्ज्वला उभी होती. कडेवर शाम. ती पुढे आली, माझ्याकडे वाकून पाहिलं आणि एकेक शब्द नीट वाचला, "काही... करत... नाही."

मग तिने विचारलं, "ताई, हे माह्यासाठी लिवलं?"

प्रेरणाने होकारार्थी मान हलवली.

"मी काईच नाई करत? मंग पानी कोन आनते? भाकरी कोन टाकते? याले कोन सांभाळते?" तिचा आवाज चढला. "याडी कापूस वेचाले जाते, तं हा माह्यापाशीच रायते ना दिवसभर!"

आपल्या आईला ती याडी म्हणायची.

प्रेरणाने चौथ्या पर्यायावरची खूण काढली आणि पुढच्या पानावर जाऊ लागली. मी अडलो. 'एक पर्याय निवडा,' असं लाल अक्षरांत दाखवलं. पुन्हा तेच. मित्रांनो, ज्या गुणासाठी माझं कौतुक व्हायचं, त्याच गुणाने मी त्या मुलीला खोटं पाडत होतो.

शेवटी प्रेरणा जमिनीवर बसली. "उज्ज्वला, तू काल उठल्यापासून काय काय केलं, सारं सांग मले. घाई नको करू."

पहाटे हातपंपावरून पाणी. चूल. शामला भरवणं. शेळ्या. आईचा डबा शेतात पोचवणं. धुणं, भांडी, पुन्हा पाणी. सगळे मिळून अकरा तास भरले. प्रेरणाने चौथ्या पर्यायाची खूण नाइलाजाने परत केली, पण हे सगळं खालच्या शेऱ्यात लिहिलं. शेरे कोणी वाचत नसे, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

ऑफिसात कपिलसर वैतागले. "चारशे घरं झाली आपली. आता प्रश्न बदलला, तं ती सारी वाया जातीन. तू कायले तान घेऊन राह्यली?"

"सर, त्या चारशे घरांत एकसष्ट मुली 'काही करत नाही' म्हणून लागल्या आहेत. एवढ्या मुली नुसत्या बसून असतीन?" प्रेरणा म्हणाली. मग स्वतःचंच सांगू लागली, "आमच्या बाबांच्या शेतात वेचणीले बाया येत. त्यांच्या मुली झाडाखाली लेकरं घेऊन बसत. मी रोज पाह्यत होती, सर. मले कधी ते काम वाटलंच नाही."

रविवारी कपिलसर स्वतः तिच्याबरोबर त्या एकसष्टांतल्या एका मुलीच्या घरी आले. दहा वर्षांची मुलगी सहा माणसांच्या भाकऱ्या थापत होती. सरांनी स्वतः तिला कालचा दिवस विचारला. परतीच्या जीपमध्ये ते एवढंच म्हणाले, "पत्र मी लिहितो नागपूरले."

प्रश्न बदलला. 'काल उठल्यापासून झोपेपर्यंत मुलाने काय काय केलं?' असा झाला. चारशे घरं पुन्हा फिरलो. मार्चच्या उन्हात मी तापून बंद पडायचो. प्रेरणा मला ओल्या रुमालाजवळ धरून उभी राहायची. एकसष्ट मुलींपैकी अठ्ठावन्न जणी दिवसाला सहा तासांहून जास्त राबत होत्या. उरलेल्या तिघी आजारी होत्या.

तांड्यावर परत गेलो, तेव्हा प्रेरणाने उज्ज्वलाच्या दिवसाची बेरीज आईबापांसमोर वाचली. जमनी भडकली. "मले मालूम नाई का हे? पन मी लेकरू कोनापाशी ठेवू? अंगनवाडीत एवढ्या बारक्याले दिवसभर घेत नाई."

उत्तर शेजारच्या रुपीबाईने दिलं. गुडघ्यांमुळे तिचं वेचणीला जाणं सुटलं होतं. ती ओट्यावरून म्हणाली, "माह्यापाशी ठेवा. फक्त मले पानी अन् सरपन आनून द्या."

तान्ही मुलं असलेल्या चार घरांनी ते वाटून घेतलं. जूनमध्ये उज्ज्वला शाळेत परतली. गणितात ती फार मागे पडली होती. पहिल्या चाचणीनंतर दोन दिवस शाळेत गेली नाही, तेव्हा धरमसिंग स्वतः तिला पोचवायला गेला. त्या चार घरांतली एक मुलगी मात्र परतलीच नाही. तेही माझ्यात नोंदलेलं आहे.

दोन वर्षांनी शेवटच्या फेरीला गेलो, तेव्हा उज्ज्वला नववीत होती. वाचन तपासण्यासाठी माझ्या पडद्यावर दिलेला सगळा उतारा तिने न अडखळता वाचला. आता चालता-बोलता झालेला शाम मला हिसकायला धावला.

त्यानंतर माझी बॅटरी फुगली आणि नवे टॅब आले. अभ्यासाचं पुस्तक निघालं. त्यात उज्ज्वलाचं नाव नाही, अशा अभ्यासात कोणाचंच नाव छापत नाहीत. पण घरात राबणाऱ्या मुलींचा आकडा त्यात आहे आणि तो खरा आहे.

मित्रांनो, माझी दुरुस्ती कोणी केली नाही तरी चालेल. पण उद्या तुम्ही मोठे होऊन कोणाच्या दारी माहिती विचारायला गेलात, तर ओट्यावरच्या मोठ्या माणसाचं ऐकून उठू नका. घरातल्या लेकरालाही विचारा, आणि त्याचं सांगून होईपर्यंत बसा.