ताश्कंदहून एका दिवसात

बाबांनी आयुष्यभर नागपूरच्या एसटी आगारात गाड्यांची वेळापत्रकं लावली. त्यामुळे आम्ही सगळ्यांनी ताश्कंदला भेटायचं ठरलं, तेव्हा सहलींची आखणी त्यांनी कोणी न सांगताच स्वतःकडे घेतली. मुक्काम ताश्कंदमध्येच. तिथून एक दिवस चिमगानचे डोंगर, एक दिवस चारवाकचा तलाव, मग जलद गाडीने समरकंद आणि पुढे बुखारा. दर शनिवारी सकाळी मी इथे अमेरिकेत, श्रूजबरीत चहा टाकायचे आणि तिकडून बाबा मला उझबेकिस्तान समजावून सांगायचे.

ताश्कंदच का, असं आमच्या इथे कोणी विचारत नाही. व्हिसाचं दुखणं घरोघरी आहे. मी अमेरिकेत राहू शकते, नोकरी करू शकते, पण एकदा देशाबाहेर पडले की पासपोर्टवर व्हिसाचा नवा शिक्का घेतल्याशिवाय परत येता येत नाही. भारतात त्याची तारीख लवकर मिळत नव्हती. माझ्या नवऱ्याची, केदारची नोकरी गेलेली, घर माझ्या पगारावर चाललेलं. मी तिकडे अडकले असते तर सगळंच बसलं असतं. आईबाबांना तर अमेरिकेने दोनदा नकार दिला होता. मग केदारने शोध लावला की ताश्कंदच्या अमेरिकन वकिलातीत शिक्का लवकर मिळतो. त्याच्या मित्राला मिळाला होता. शिक्काही होईल आणि आईबाबाही भेटतील. आम्ही स्वतःला फार हुशार समजत होतो.

बाबांच्या फुप्फुसांचा आजार तेव्हा नुकताच कळला होता. तो बरा होणारा नव्हता.

सप्टेंबरात नियम बदलला. शिक्का ज्याने त्याने आपापल्या देशात जाऊनच घ्यायचा. केदारने अपॉइंटमेंट कॅन्सल केली आणि म्हणाला, "बाबांना आजच सांगून टाक यार. उगाच होप्स नको ठेवू."

त्याचं बरोबर होतं, म्हणूनच मला त्याचा राग आला. मी आधी आईला सांगितलं. ती फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "एवढ्यात नको सांगू. समरकंदला चालावं लागेल म्हणून ते रोज अंगणात फेऱ्या मारून राहिले. नाही तर पलंगावरून उठतच नव्हते."

मी तोंड शिवून घेतलं.

पुढच्याच शनिवारी बाबा म्हणाले, "बुखारा काढून टाकू. तुझ्या आईला एवढा प्रवास झेपायचा नाही."

आई मागच्याच वर्षी भजनी मंडळाबरोबर गिरनार चढून आली होती.

दिवाळीनंतर समरकंद गेलं. घुमट फोटोतही दिसतात, म्हणाले. मग चिमगान गेलं, कारण तिथे थंडी फार. मी दर वेळी वाद घालायचे. पटकन हो म्हटलं असतं तर त्यांना संशय आला असता. न होणाऱ्या सहलीतल्या एकेका गावासाठी मी माझ्या बापाशी भांडत होते आणि दर वेळी हरत होते. तलावासाठी तर मी खरोखरच चिडले. तो तरी राहू द्या, म्हटलं. ते म्हणाले, "तलाव काय, आपला अंबाझरी आहेच की."

हळूहळू त्यांनी व्हिडिओ बंद करून नुसतं बोलायला सुरुवात केली. नाकाला नळी लागलीय, हे मला आईने सांगितलं.

"आई, आर वी गोइंग ऑर नॉट?" आमच्या आन्याने एकदा सरळ विचारलं. सात वर्षांच्या मुलीला काय सांगणार? मी तिला दात घासायला पाठवलं.

जानेवारीत इथे गाडी बर्फाखाली गेली होती. केदार बाहेर फावड्याने बर्फ काढत होता. बाबांचा फोन आला. वाक्याच्या मध्येच ते थांबायचे, श्वास घ्यायचे, मग उरलेलं बोलायचे.

"रुचा, आपण गावात कुठे फिरायलाच नको. विमानतळावरच बसू. चहा मिळतोच तिथे."

"निदान चोरसूचा बाजार तरी, बाबा," मी म्हणाले. "तुम्हीच म्हणाला होतात, जवळ आहे."

"नको. भेटायला चाललो, बाजार करायला नाही."

मला वाटलं, आता सांगावं. आता तरी खरं सांगावं. मला सगळ्यांचा संताप आला होता, नियम करणाऱ्यांचा, केदारचा, बाबांच्या अंगणातल्या फेऱ्या मोजणाऱ्या आईचा, आणि सगळ्यात जास्त माझा. मी तोंड उघडलं तेवढ्यात त्यांनी दम घेऊन पुढे सुरू केलं.

"तुझं विमान आधी येतं. तू बाहेर येऊन दाराशी उभी राहा. मला शोधायला लावू नको. माझ्याने फार चालवत नाही आता."

"अगदी दाराशीच उभी राहते."

"स्वेटर घाल." पुन्हा श्वास. "आणि आमच्या गाडीला उशीर झाला तर निघून नको जाऊ."

विमानाला ते गाडी म्हणाले. मी ते दुरुस्त केलं नाही.

"थांबते, बाबा," मी म्हणाले.