लुझियाचा मखमली झगा

मित्रांनो, माझ्या झाकणावर एक पट्टी चिकटवलेली आहे: ‘वापरून झाल्यावर ग्रंथालयात परत करावे’. मी कॅलिफोर्नियातल्या गायींच्या मुलुखातला, दोन वर्षं शिकवून मुलांना पुढे विद्यापीठात पाठवणाऱ्या एका सरकारी कॉलेजचा जुना लॅपटॉप आहे. नवा होतो तेव्हा मुलं माझ्यासाठी भांडायची. मग नवी, पातळ यंत्रं आली. माझा पंखा घरघरू लागला आणि मी कपाटात मागे सरकलो.

तिथून मला लुझिया बेटनकोर्टने काढलं. पहाटे वासरांना दूध पाजून ती कॉलेजला यायची. तिचे आईबाप पोर्तुगालच्या एका बेटावरून इथे आलेले. स्वयंपाकघरात पीठ मळता मळता तिची माय विचारायची, “त्या डब्याला आज काय भरवतेस?”

“संख्याशास्त्र, माय.”

“आमच्या गाईसुद्धा एवढा रवंथ करत नाहीत गं!”

तिला मोठ्या विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलमध्ये जायचं होतं. आमच्यासारख्या कॉलेजातून तिथे जेमतेम मूठभर मुलं घेतात. दोन वर्षं तिचं बोट माझ्यावरून हललं नाही. मित्रांनो, एवढं प्रेम माझ्यावर कुणीच केलं नव्हतं.

एप्रिलमध्ये निवड झाल्याचं कळलं. घरभर आरडाओरडा झाला. मायने पिठाच्याच हातांनी तिला मिठी मारली. त्या गोंधळात खालच्या बारीक ओळी माझ्या पडद्यावरून भरकन वर गेल्या: चालू सत्रातले सर्व विषय उत्तीर्ण झाल्यासच प्रवेश कायम राहील, विषयांत बदल करण्याआधी कळवावे. त्या फक्त मीच धरून ठेवल्या.

त्याच वर्षी लुझिया आमच्या पोर्तुगीज वस्तीच्या, पवित्र आत्म्याच्या उत्सवाची राणी झाली होती. आमच्याकडे राणी होणं म्हणजे अख्ख्या घराण्याचा मान. मागे लांबलचक मखमली झगा, डोक्यावर मुकुट, आणि दर रविवारी वेगळ्या गावची मिरवणूक. देओलिंडामावशी हिवाळाभर त्या झग्यावर सोनेरी धाग्याने पवित्र आत्म्याचं कबुतर भरत होती.

“शनिवारी झगा अंगावर घालून बघायचाय,” मावशी म्हणाली.

“शनिवारी संख्याशास्त्राची परीक्षा आहे, मावशी.”

“अगं, त्यांनी तुला घेतलंय ना? मग आता कुणाला दाखवायचेत आकडे? लग्न लावणार आहेस का त्यांच्याशी?”

स्वयंपाकघरातल्या सगळ्या बायका हसल्या. लुझियाही हसली. मग तिने मला मांडीवर घेतलं आणि संख्याशास्त्राच्या वर्गातून नाव काढायचं बटण दाबलं. माझ्या पडद्याने विचारलं, ‘नक्की?’ एवढंच विचारायची मला मुभा आहे. तिने ‘हो’ दाबलं.

दोन आठवडे कुणालाच काही कळलं नाही. घरात झग्याचं कौतुक चाललं होतं, आणि मी टेबलावर गरम होत बसलो होतो. मग कॉलेजच्या सल्लागार ओव्हरटनबाईंनी, मला काखेत घेऊन निघालेल्या तिला, वाटेत सहज विचारलं, “संख्याशास्त्र कसं चाललंय?”

“सोडलं, बाई. प्रवेश मिळालाय ना.”

बाईंच्या हातातला कॉफीचा पेला तसाच राहिला. “लुझिया, कुणाला विचारलंस?”

त्या दिवशी दोघींनी मिळून विद्यापीठाला सगळं खरं कळवलं. उन्हाळ्यात तोच विषय करते, जागा ठेवा, अशी विनवणी केली. घरी मात्र लुझिया काही बोलली नाही. मिरवणुकीत ती हसायची. घरी आली की झग्यासकट माझ्यासमोर बसायची आणि विद्यापीठाचं उत्तर आलंय का ते पुन्हा पुन्हा उघडून बघायची.

आज आमच्या गावचा उत्सव. सभागृहाच्या स्वयंपाकघरात गोमांसाच्या रश्शाच्या कढया उकळत आहेत. लुझिया मला तिथेच मायजवळ उघडा ठेवून मिरवणुकीला गेली, आणि आत्ताच उत्तर आलं: ‘अट पूर्ण न झाल्याने तुमचा प्रवेश रद्द करण्यात येत आहे.’

मित्रांनो, आम्हा यंत्रांवर पाणी सांडू नका, धूळ साचू देऊ नका, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी एवढंच मागतो, आमच्यावरची बारीक अक्षरं आनंदात असतानाही वाचत जा. कळली नाहीत तर जाणत्या माणसाला विचारा, आणि मगच बटण दाबा. आम्हाला हाक मारता येत नाही.

मायला इंग्रजी वाचता येत नाही. पण विद्यापीठाचं निळं चिन्ह ती ओळखते. तिने हात पुसले, मला उराशी धरलं आणि बाहेर धावली.

“सरका, सरका! माझ्या लेकीच्या शाळेचं काहीतरी आलंय!”

बँड वाजतो आहे. लोक टाळ्या वाजवत वाट देत आहेत. समोरून मुकुट सावरत लुझिया येते आहे, आणि मायने मला दोन्ही हातांनी उंच धरलं आहे.