जनकाबाईंची पत्र्याची पेटी

मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे, मित्रांनो. दीड हात लांब, एक हात रुंद, रंग हिरवा. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना हळू आवाजात बोलतात. मला ते जमणार नाही. मला राग आला आहे आणि तो लपवायची माझी इच्छा नाही.

माझा जन्म १९९१ साली हिंगोलीतल्या एका दुकानात झाला. मिस्त्रीने पत्रा ठोकून मला आकार दिला, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या मारल्या, दोन्ही बाजूंना कड्या बसवल्या. आठ दिवस मी बादल्या आणि कोठ्यांच्या शेजारी पडून होते. मग जळबा खिल्लारे आले. ते आखाडा बाळापूरच्या बाजारात हमाली करायचे. त्यांनी मला उचलून पाहिले, माझ्यावर बसूनही पाहिले.

"लेकीला नर्सची ऑर्डर आली," ते मिस्त्रीला म्हणाले. "पेटी अशी पायजे की कोणी फेकली तरी फुटू नये."

"काहून फेकंल कोणी?"

"आमचं सामान लोकं फेकतेत, भाऊ," जळबा म्हणाले आणि पैसे मोजू लागले.

त्यांची लेक म्हणजे जनकाबाई. वय बावीस. त्यांनी माझ्यात कात्री, दोरा, हातमोजे, कापूस, रक्तदाब मोजायचे यंत्र आणि गोळ्यांच्या पुड्या नीट रचल्या. बाळापूरपासून पाच कोसांवरच्या एका गावात त्यांची नेमणूक झाली. त्या गावाचे नाव मी सांगणार नाही. ते पाप एकट्या त्याच गावाचे असते, तर जरूर सांगितले असते.

उपकेंद्र म्हणजे भाड्याची एक खोली. गावापासून दीड कोसावर लमाणांचा तांडा होता, तोही त्यांच्याकडेच. मला सायकलच्या कॅरिअरला बांधून त्या रोज निघत. तांड्यात आमचा मान मोठा होता. बायका बाजेवर बसवत, गुळाचा चहा देत. गावात मात्र निराळीच रीत. सरपंच व्यंकटराव यांच्या बायकोचे, रुख्मिणीबाईंचे बाळंतपण जनकाबाईंनी केले. रात्रभर अडलेली बाई सकाळी मोकळी झाली. बाळ जनकाबाईंच्या हातातून सासूच्या हातात गेले. जनकाबाईंना चहा अंगणात मिळाला, वेगळ्या कपात. आणि मला जिथे ठेवले होते ती जागा आम्ही फाटकाबाहेर पडायच्या आधीच सासूने शेणाने सारवून घेतली. मित्रांनो, मी पत्र्याची आहे, तरी मला ते कळले.

आठव्या दिवशी जनकाबाई बाळाला पाहायला पुन्हा गेल्या आणि पुन्हा अंगणातच चहा प्यायल्या.

१९९४ चा मार्च महिना. तांड्यातल्या मिराबाईंची सून संगिता पहिलटकरीण होती. सकाळी नऊ वाजता जनकाबाईंनी तिच्या पोटावर हात ठेवला आणि त्यांचा चेहरा बदलला. बाळ आडवे होते. मोठ्या दवाखान्यात नेऊन ऑपरेशन केल्याशिवाय सुटका नव्हती. पंचक्रोशीत जीप एकच, व्यंकटरावांची. जनकाबाईंनी सायकल अशी हाणली की माझ्यातल्या बाटल्या फुटल्या.

जीप वाड्यासमोरच उभी होती. ड्रायव्हर टायर धूत होता. व्यंकटराव ओट्यावर बसले होते, कारण त्या दिवशी पुतणीचा साखरपुडा होता.

"पाहुणे आणायचेत स्टँडावरून," ते म्हणाले. "तासाभरात देतो."

"दादा, तासभर थांबता येणार न्हाई. बाई मरंल."

"तुमी लई घाबरून राहिल्या, सिस्टर. बाया बाळंत होतच असतेत."

पाहुणे आले. मग दुसरे पाहुणे आले. मग फळांच्या टोपल्या आल्या. जीप साडेबारा वाजता मिळाली. मी संगिताच्या पायाशी होते. मिराबाईंनी तिचे डोके मांडीवर घेतले होते आणि त्या सारखे म्हणत होत्या, "आलं गं, आलं गाव." दवाखान्याच्या दोन कोस आधी संगिता गेली. तिच्या पोटातले बाळही गेले. ती एकोणीस वर्षांची होती.

पंधरा दिवसांनी एक साहेब चौकशीला आले. त्यांच्याकडे लिहिलेला कागद तयारच होता. वाहन उपलब्ध होते, नातेवाइकांनी उशीर केला, असे त्यात होते.

"सही करा," साहेब म्हणाले. "तुमची नोकरी राहील."

"जीप दारात उभी होती. मागितली तरी दिली न्हाई. हे लिहा, मी सही करते."

"ते मला लिहिता येत नाही, बाई."

"मग मला सही करता येत न्हाई."

तीन महिन्यांत जनकाबाईंना इतक्या नोटिसा आल्या की माझा एक कोपरा त्यांनीच भरला. शेवटी त्यांनी राजीनामा दिला. त्या पगारावर घरातली सात माणसे जेवत होती. मला डोक्यावर घेऊन त्या बाळापूरला घरी आल्या, तेव्हा जळबा दारातच बसले होते.

"सोडली व्हय नोकरी?"

"सोडली, बाबा."

जळबा म्हणाले, "बराबर केलं." त्यांनी मला लेकीच्या डोक्यावरून उतरवून घेतले. दुसऱ्या दिवसापासून साठीचे जळबा पुन्हा दोन पाळ्यांची हमाली करू लागले. हेही मला विसरता येत नाही.

एकदा बाजाराच्या दिवशी मिराबाई आल्या. भिंतीला टेकून बसल्या आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"माझ्यापाशी त्या दिशी पैसे असते, तर बाळापूरहून दुसरी गाडी आणता आली असती ना, बाई?"

जनकाबाईंना खोटे बोलता आले असते. त्या म्हणाल्या, "व्हय. आली असती."

त्या उत्तराने त्यांची झोप उडाली. महिन्याभरात त्यांनी अकरा बायका गोळा केल्या. प्रत्येकीने महिन्याला दहा रुपये टाकायचे. कापूस आणि कात्रीच्या जागी माझ्यात आता चुरगळलेल्या नोटा आणि वह्या आल्या. नियम एकच पक्का होता. बाळंतपणाच्या गाडीसाठी कोणी पैसे मागितले, तर जामीन विचारायचा नाही, आधी गाडी सोडायची. १९९८ साली त्याची रीतसर महिला पतसंस्था झाली. जनकाबाई अध्यक्ष झाल्या. लोक त्यांना हसत हसत 'बँकवाली सिस्टर' म्हणू लागले. पुढच्याच वर्षी हिंगोली परभणीपासून वेगळा होऊन जिल्हा झाला, तोवर संस्थेच्या सभासद बाया हजारावर गेल्या होत्या. आता कोणी हसत नव्हते.

हसू थांबले की माणसे दुसरे काही करतात. २००१ साली गावोगाव कुजबुज पसरली की संस्था बुडाली, सिस्टर पैसे घेऊन पळणार. ती कुठून निघाली, हे सगळ्यांना माहीत होते. पतसंस्था आल्यापासून व्यंकटरावांकडे व्याजाने पैसे न्यायला बाया जात नव्हत्या. सोमवारी सकाळी संस्थेच्या दारात दीडशे बायका उभ्या होत्या. सगळ्यात पुढे रुख्मिणीबाई होत्या. त्यांना नवऱ्यानेच पुढे उभे केले होते, म्हणजे बाकीच्यांनी पाहावे.

जनकाबाईंनी मला ओट्यावर ठेवले, झाकण उघडले आणि रुख्मिणीबाईंची रक्कम त्यांच्या हातात दिली. रुख्मिणीबाईंनी मान वर केली नाही.

"माझ्यावर राग धरू नका, सिस्टर."

"तुमच्यावर न्हाई धरला," जनकाबाई म्हणाल्या. "पुढच्या बाईला येऊ द्या."

दुपारपर्यंत माझा तळ दिसू लागला. रांगेत अजून साठ बायका होत्या. तेवढ्यात मिराबाईंचा नंबर आला. त्यांनी माझ्यात वाकून पाहिले.

"माझे राहू दे," त्या म्हणाल्या आणि तिथेच पायरीवर बसल्या. "हितं बसते. कोणाला गाडी लागली तर पैसे पायजेत ना."

रांगेतल्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. एक पैसे न घेताच घरी गेली, मग दुसरी गेली. चार वाजता ओटा रिकामा होता आणि माझ्यात तीनशे चाळीस रुपये उरले होते. संस्था वाचली.

२००२ ला जिल्हा परिषदेची निवडणूक आली. आमच्या गटाची जागा बाईसाठी राखीव होती. व्यंकटरावांनी रुख्मिणीबाईंचा अर्ज भरला. पोस्टरवर बायकोपेक्षा त्यांचाच फोटो मोठा होता. जनकाबाईही उभ्या राहिल्या. पायी फिरल्या आणि सत्त्याऐंशी मतांनी निवडून आल्या.

पहिल्या सभेत त्या मला घेऊन गेल्या. माझ्यात तीनशे अर्ज होते, बहुतेक अंगठ्यांचे. सगळ्यांची मागणी एकच होती, तांड्यात बाळंतपणाची खोली द्या.

"ताई, चहा घ्या, हजेरीवर सही करा," एक साहेब म्हणाले. "अर्जांचं नंतर पाहू."

"मी नंतर म्हणजे काय ते जीपमधी पाहिलंय," जनकाबाई म्हणाल्या आणि त्यांनी मला टेबलावर आपटले. सगळे चहाचे कप हलले.

असे मला पुढची अडीच वर्षे आपटून घ्यावे लागले. २००५ साली तांड्याजवळ दोन खोल्या उभ्या राहिल्या. ठेका व्यंकटरावांच्या मेहुण्याला मिळाला. फीत सरपंच म्हणून व्यंकटरावांनी कापली. त्याच संध्याकाळी दाराला कुलूप लागले आणि ते निघालेच नाही. सरपंच म्हणाले चावी तालुक्याला आहे. तालुक्यावाले म्हणाले ठेकेदाराकडे आहे. ठेकेदार म्हणाला सरपंचाकडे दिली. आतले नवे टेबल प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले होते आणि तिथून पन्नास पावलांवर बायका झोपडीत, मातीवर बाळंत होत होत्या. जनकाबाईंनी सव्वीस पत्रे लिहिली. २००७ साली जागा खुली झाली, व्यंकटराव स्वतः उभे राहिले आणि जिंकले. मग तर पत्रांना पोचही येईना.

२००८ च्या फेब्रुवारीत तांड्यातल्या हिरासिंगची बायको राणी अडली. संस्थेने गाडी सांगितली होती, पण यायला दीड तास लागणार होता. बाळ पायाळू होते आणि तेवढे थांबणार नव्हते. जनकाबाई झोपडीत शिरल्या. आत अंधार, धूर, हात धुवायला धड जागा नाही. त्या बाहेर आल्या आणि मिराबाईंना म्हणाल्या, "हिला उचला. खोलीत न्या."

"कुलूप हाय, बाई."

"माहीत हाय मला."

हिरासिंगने दगड घातला. दगड फुटला. तेव्हा जनकाबाईंनी मला दोन्ही कड्यांनी धरले आणि डोक्याच्या वर नेले. मित्रांनो, त्यांच्या हातात चौदा वर्षांचा राग होता. पहिल्या घावात माझा कोपरा चेपला. दुसऱ्यात झाकण वाकले. चौथ्या घावाला कडी-कोयंड्यासकट कुलूप खाली पडले. मिराबाईंनी टेबलावरचे प्लास्टिक ओरबाडून काढले. पाऊण तासाने त्या खोलीत पहिल्यांदा एक लेकरू रडले. मुलगी होती. राणीही वाचली.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यातून जमादार आले. सरकारी मालमत्तेची मोडतोड केल्याची तक्रार होती.

"कुलूप कोणी तोडलं?" त्यांनी विचारले.

"मी," जनकाबाई म्हणाल्या. "लिहा."

"कशानं?"

"ह्या पेटीनं."

"काहून?"

"बाई आत घ्यायची होती."

जमादारांनी मला टेपने मोजले आणि पुरावा म्हणून जप्त केले; तेव्हापासून मी ठाण्यातच पडून आहे. जनकाबाई अजून तारखेला हजर राहतात. खोली उघडी आहे, कारण तांड्यातल्या बायका आता तिला कुलूप लावू देत नाहीत.

मला तेल लावा, रंग द्या, असे मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही शिकाल, उद्या तुमच्यापैकी कोणाच्या तरी हातात लिहिण्याचे काम येईल. माझा पंचनामा अडीच पानांचा आहे. माझी लांबी त्यात आहे, रुंदी आहे, रंग आहे, चेपलेला कोपरा आहे, कुलपाची किंमतही आहे. तीन वर्षे चावी कोणाकडे होती, हे मात्र त्यात कुठेच नाही. तुमच्यावर लिहायची वेळ येईल, तेव्हा तेवढे आधी लिहा.