दहा वाजता फुलणारी टोपली

प्रसादमंगल सोसायटी, गंगापूर रस्ता, नाशिक. मार्च महिन्याचा शेवटचा रविवार, सकाळचे अकरा. या स्थळी व या वेळी, तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतील आकड्याला लटकत, मी माझी तक्रार मांडीत आहे.

मित्रांनो, मी एक जुनी टांगती टोपली आहे. अंग तारेचे, अस्तर काथ्याचे. अंबडच्या एका लहानशा कारखान्यात मी घडले आणि चार वर्षांपूर्वी चिमाजींच्या रोपवाटिकेतून उत्तराताईंनी मला घरी आणले. सोसायटीत दर मार्चला गॅलरीतल्या बागांची स्पर्धा असते. आपली टोपली परीक्षकांनी एकदा तरी काठोकाठ फुललेली पाहावी, एवढीच ताईंची इच्छा. माझीही तीच, कारण फुलांखाली दिसेनासे होण्यातच टोपलीचे सार्थक असते.

परंतु त्या घरात ताईंचे सासरे ढुंढिराजकाकाही होते. ओझरच्या विमान कारखान्यातून तपासनीस म्हणून निवृत्त झालेले, घराण्याची पूजाअर्चा निष्ठेने चालवणारे. सकाळी सहाला ते परडी घेऊन गॅलरीत येत आणि उमललेले एकही फूल त्यांच्या नजरेतून सुटत नसे.

पहिल्या वर्षी ताईंनी बुटका झेंडू लावला. तो देवाला गेला. दुसऱ्या वर्षी सदाफुली लावली. तीही गेली. तेव्हा ताई म्हणाल्या, “बाबा, झाडावरची फुलंसुद्धा देवाचीच ना?”

“देवाची आहेत म्हणूनच देवाला देतो,” काका म्हणाले. “तुझी असती तर तुला विचारलं असतं.”

माझा आक्षेप देवावर नाही. सुकलेले फूल खुडल्याने झाड जोमाने फुलते, हेही मी मान्य करते. परंतु काका ताजे खुडत आणि सुकलेले माझ्या माथी ठेवत. हा कोणता न्याय?

तिसऱ्या वर्षी ताईंनी मुद्दाम पिटुनिया निवडला. नाव परके, गंध जवळजवळ नाहीच. हे फूल देव्हाऱ्यात चालणार नाही, असा त्यांचा कयास. काकांनी पहिले फूल नाकाशी धरले आणि निकाल दिला, “वास नाही, पण रंग आहे. गणपती चालवून घेईल.” त्या वर्षी परीक्षक आले तेव्हा माझ्यात सात कळ्या आणि पुष्कळ देठ होते.

यंदा ताई पुन्हा चिमाजींकडे गेल्या. चिमाजी म्हणाले, “ताई, टांगत्या टोपलीला वारा लय लागतो, माती लवकर वाळती. ऑफिस टाइम, म्हंजी चिनी गुलाब लावा, ती तग धरंल. पण ऊन लागल्याबिगर ती डोळा उघडत नाय, आधीच सांगतो.”

“किती वाजता उघडते?”

“तुमच्या गॅलरीत दहा तरी वाजत्याल.”

ताई हसल्या. चिमाजींनी दोष सांगितला, ताईंनी तो गुण म्हणून विकत घेतला. पूजा सहाला, फुले दहाला!

मित्रांनो, फेब्रुवारीत रोपे लागली आणि मार्चमध्ये मी प्रथमच काठावरून ओसंडले. काका सकाळी मिटलेल्या कळ्या पाहून परत फिरत. पूजा आटोपल्यावर फूल तोडायचे नाही, हे त्यांचे तत्त्व. पुढे पुढे दहा वाजता ते नुसते पाहायला येऊ लागले. काल तर मोजून म्हणाले, “एकेचाळीस. सूनबाई, यंदा चषक आपला.”

परीक्षक दरवर्षी आमच्याकडे अकराच्या सुमारास पोहोचत. आज त्यांनी उलट्या टोकाने सुरुवात केली आणि पावणेआठला बेल वाजवली.

परीक्षक बाईंनी चष्मा सरसावून माझ्याकडे पाहिले. “पानं छान आहेत. फुलं कुठेत?”

“दहाला उघडतात,” ताई कशाबशा म्हणाल्या.

काका पुढे सरसावले. “अहो बाई, दहाला या. एकेचाळीस मोजून देतो!”

“काका, बारापर्यंत सगळ्या इमारती उरकायच्यात. जे दिसतं त्यालाच गुण,” असे म्हणून बाई निघून गेल्या.

आणि दहा वाजता, मित्रांनो, समोरच्या इमारतीवरून ऊन आले आणि एकेचाळीसच्या एकेचाळीस फुले उघडली. पाहायला परीक्षक होते कुठे?

माझी विनंती एवढीच: टोपलीत काय लावावे हे ठरवताना तिला ऊन कधी मिळते, वारा किती लागतो, पाणी कोण घालणार, हे विचारा. फूल कोणाला चुकवण्यासाठी निवडावे लागू नये. ज्या घरात ते तसे निवडावे लागते, तिथे काळजी झाडाआधी माणसांची घ्यावी.

काकांनी माझ्यातली फुले पुन्हा एकदा मोजली. मग ताईंकडे न पाहताच म्हणाले, “पुढच्या वर्षी तुला हवं ते लाव. मी हात लावणार नाही. फुलांऐवजी अक्षता वाहिल्या तरी चालतं. शास्त्रात सोय आहे.”

ताईंनी पाण्याची झारी खाली ठेवली.

“ही सोय चार वर्षांपूर्वीही होती, बाबा.”