धीर लिहिलेली फळी

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी फळी आहे. हातभर लांब, वीतभर रुंद. अमळनेरच्या एका शाळेतला बाक मोडला, तेव्हा सुकदेव मिस्तरींनी मला त्यातून कापून काढलं, रंधा मारला आणि चित्रकलेच्या बेबाबाईंच्या हाती दिलं. माझ्या पाठीवर मुलींनी कर्कटकाने कोरलेली नावं अजून आहेत. पुढची बाजू बाईंनी पांढरी रंगवली आणि मला स्वयंपाकघरात ओट्यासमोर टांगलं.

आमच्या खानदेशात सालदाराचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू होतं. शेतकरी त्या दिवशी गडी ठरवतो. मग वर्षभर त्याला काढायचं नाही आणि त्यानंही मधेच जायचं नाही. बाईंना शेत नव्हतं. त्या आखाजीला एक शब्द ठरवायच्या. माझ्यावर तो रंगवायच्या, भोवती वेलबुट्टी काढायच्या आणि वर्षभर त्याप्रमाणे वागायच्या.

"बेबाबाई, तुन्हा या सालदारले जेवाले काय देस?" शेजारच्या भिकुबाई विचारायच्या.

"त्यानं जेवन बी मीच खास!" त्याच्या वाटचं जेवणही आपणच खातो, असं बाई सांगायच्या.

पण माझे शब्द खरंच राबायचे. पहिला होता 'बसणे'. बाईंना बसायची सवयच नव्हती. त्या वर्षी दुपारची भांडी तशीच ठेवून त्या मागच्या दारी रंग घेऊन बसू लागल्या. पुढच्या आखाजीला 'गरम' आला. तीस वर्षं सगळ्यांच्या मागून गार भाकरी खाल्लेल्या बाईंनी तव्यावरची पहिली भाकरी स्वतःच्या ताटात घेतली.

"मंग मी काय खाऊ?" त्यांचे यजमान पितांबरनाना म्हणाले.

"दुसरी भाकर."

नंतर 'नाही' आला. त्या वर्षी गल्लीतल्या लग्नांच्या फुकट रांगोळ्या बंद झाल्या. शाळेतल्या मुली मला मुद्दाम बघायला यायच्या. मी फुशारून गेले होते.

मग गेल्या वर्षीची आखाजी आली. बाईंनी माझ्यावर पेन्सिलने 'उजेड' काढून ठेवला होता. धुळ्याला नोकरी करणारी त्यांची मुलगी रूपा सणाला आली होती. बाई तिला दिवसातून तीनदा फोन करायच्या. गॅस संपत आला, नाना खोकतात, तुझी बस वेळेवर आली का? रूपा थकली होती.

"माय, तुझा जीव किती लवकर घाबरा होतो! यंदा 'धीर' घे. माझ्यासाठी."

बाई हसल्या. "तुन्हासाठे? बरं." त्यांनी खोडरबर घेतला.

आषाढात त्यांचं पोट दुखू लागलं. त्या ओट्याची कड धरून उभ्या राहायच्या, माझ्याकडे बघायच्या आणि पुन्हा कणीक मळायला लागायच्या. रूपाला फोन करायला उचललेला हात खाली यायचा. आठवड्यातून एकच फोन होऊ लागला.

"माय, यंदाचा शब्द चांगला लागू पडला हं," पलीकडून रूपा म्हणाली. फोन स्पीकरवर होता. मी ते ऐकलं.

दिवाळीला तिला आईचे हात बारीक दिसले. "दवाखान्यात चल," ती म्हणाली.

"यंदा धीरनं साल शे. सालदारले मधमाच काढतस का? आखाजीले शब्द बदलसूत, मंग जासूत."

सालदाराला मधेच काढत नाहीत, आखाजीला शब्द बदलू आणि मग जाऊ, हे बाई इतक्या सहज म्हणाल्या, की रूपालाही हसू आलं. संध्याकाळच्या बसने ती गेली. मला तोंड असतं तर मी ओरडले असते. शब्द अंगावर वागवणाऱ्याला तो बोलता येत नाही.

होळीनंतर बाई ओट्याशीच खाली बसल्या. नानांनी त्यांना जळगावला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, किती दिवसांपासून दुखतंय? नानांनी तोच प्रश्न बाईंना विचारला. हे मला नंतर त्यांच्याच बोलण्यातून कळलं. करण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. बाईंना घरी आणलं आणि स्वयंपाकघराच्या दारात खाट टाकली.

रूपा रजा काढून आली. एका सकाळी ती स्टुलावर चढली आणि मला खिळ्यावरून ओढून काढलं.

"माय, हा मी आत्ता पुसते. दुसरा सांग. कोणताही सांग."

बाईंनी मान हलवली. "राहू दे. तुन्हा शब्द शे तो."

त्यांनी ते मायेनंच म्हटलं. रूपा मात्र त्यानंतर त्या खाटेजवळ मान वर करून बसली नाही.

आखाजीला अकरा दिवस उरले असताना बाई गेल्या.

आखाजीला त्यांच्या नावाने लाल मातीची घागर भरली. वर खरबूज, सांजोऱ्या आणि दोन आंबे ठेवले. पूजा झाल्यावर रूपा मला मांडीवर घेऊन बसली. शेजारी पांढऱ्या रंगाचा डबा उघडा होता. दुपार झाली. रंगावर साय धरली.

"काय लिहिते?" नानांनी विचारलं.

"काहीच सुचत नाही, नाना."

"मंग नको लिहू."

तिने कोरडाच ब्रश धुतला. मला पुसलं नाही, टांगलंही नाही. गव्हाच्या कोठीमागे भिंतीकडे तोंड करून ठेवलं. नाना आता रूपाजवळ धुळ्याला असतात. घराला कुलूप आहे आणि माझ्या एका कोपऱ्याला वाळवी लागली आहे.

मित्रांनो, मला बाहेर काढा असं मी म्हणणार नाही. माझं एवढंच मागणं आहे. घरातलं कोणी एकाएकी तक्रार करायचं थांबलं, तर बरं झालं असं समजू नका. जवळ जा, कुठे दुखतं ते विचारा. उत्तर हसत आलं, तरी त्याच दिवशी चपला घाला आणि त्याला घेऊन निघा.