लाल दोऱ्याच्या पुड्या

पखोक्कूची बस सकाळी सहाला मंडालेच्या तळावर लागली आणि ताडगुळाची टोपली सांभाळत ताई उतरली, तेव्हा मिन स्वेने झोळी पाठीमागे सरकवली. बहीण आल्याचा आनंद नव्हता असं नाही, आनंद होताच. पण त्याच्या खांद्यावरच्या झोळीत लाल दोऱ्याने बांधलेल्या नऊ पुड्या होत्या, आणि त्यांनी रात्रभर त्याला डोळ्याला डोळा लागू दिला नव्हता.

ताईचं नाव थान यी. त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. वडील लवकर गेले तेव्हा तिने मागावर चादरी विणून घर ओढलं, स्वतःचं लग्न पुढे ढकलत ढकलत शेवटी सोडूनच दिलं आणि या लाडोबाला वाढवून मंडालेला धाडलं. आई गेली त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून दर वर्षी त्या महिन्यात ती बसच्या क्लीनरबरोबर सोन्याच्या वर्खाची एक पुडी पाठवायची. आता वर्ख ठोकतात मंडालेतच. तिथून तो पखोक्कूच्या बाजारात जातो, आणि ही बाई तो विकत घेऊन परत मंडालेला पाठवणार. का, तर पुडी एक रात्र घरच्या बुद्धापुढे राहिली पाहिजे आणि तिला ताईच्या हातचा लाल दोरा पाहिजे. मंडालेच्या देवळातल्या महामुनी बुद्धाच्या मूर्तीला वर्ख लावायचा तो पुरुषांनीच. बायका बाहेर चटईवर बसतात. म्हणजे हे काम मुलाचं. आईच्या नावाने पाच पानं मूर्तीला चिकटवायची, एवढंच.

आणि या बहाद्दराने नऊ वर्षांत एक पान चिकटवलं नव्हतं.

पहिल्या वर्षी भाड्याने चालवायला नवी तीनचाकी घेतली होती, धंद्याची गडबड, उद्या जाऊ म्हणाला. दुसऱ्या वर्षी दोन पुड्या झाल्या आणि दोन एकदम न्यायची लाज वाटली. पुढे तर पुड्या ठेवलेला बिस्किटांचा डबा उघडायचीच भीती वाटायला लागली. ताई फोनवर विचारायची, लावलास का रे? हा म्हणायचा, लावला की, कालच लावला, गर्दी केवढी होती! गर्दीसुद्धा पदरची. दिवसाआड तो गाडीतून परगावच्या पाहुण्यांना घेऊन महामुनीच्या दाराशी जायचा. पाहुणे आत जायचे आणि हा झाडाखाली पान चघळत बसायचा. आत पाऊल टाकवत नव्हतं त्याला.

आता ताई स्वतःच आली होती, आयुष्यात पहिल्यांदा, एका दिवसापुरती. संध्याकाळी पाचची परतीची बस होती.

मिन स्वेने अख्खं शहर तिच्यापुढे मांडलं. आधी नाक्यावरचा गरम मोहिंगा, माशाच्या रश्शातल्या शेवया. मग टेकडी. मग कुथोडॉ पॅगोड्यातली ती शेकडो शिळांवर कोरलेली धर्मवचनं, जिथे ताईने तीन शिळा डोळे बारीक करून वाचल्या आणि चौथीला नुसता हात लावला. मग राजवाड्याचा खंदक, मग नक्षीचा लाकडी विहार. प्रत्येक ठिकाणी ती वाकून नमस्कार करायची, तीनचाकीत बसायची आणि विचारायची, आता महामुनी ना? हा म्हणायचा, जाऊ की, तो काय पळून जातोय? दुपारी त्याने गाडी थेट अमरपुराच्या लाकडी पुलाशी नेली. तिचे गुडघे दुखत होते हे त्याला दिसत होतं. दिसूनही तो तिला पुलाच्या मध्यापर्यंत घेऊन गेला, त्याचं त्यालाच किळसवाणं वाटलं, पण नेलं.

मध्यावर ती खालीच बसली.

"तू मला शहर दाखवतोयस की दमवतोयस?" ती म्हणाली. "पूल बघायला मी आले नाही, मिन स्वे."

तीन वाजता त्याने महामुनीच्या दाराशी चपला काढल्या.

आत भिंतीवर मूर्तीचे जुने फोटो लावलेत. पहिल्यात बुद्धाचे खांदे नीट दिसतात. पुढे पुढे लोकांच्या वर्खाने अंग फुगत गेलंय, आता तर सगळं खडबडीत सोनं. ताई शेवटच्या फोटोपुढे थांबली. चष्मा पुसला. मग छातीच्या जवळच्या एका उंचवट्यावर बोट ठेवून म्हणाली, "यात कुठेतरी आईचंही आहे."

मिन स्वेला वाटलं, इथेच सांगून टाकावं. तोंड उघडलंही. पण ताईने कनवटीची दहावी पुडी काढून त्याच्या हातात ठेवली आणि ती बायकांच्या चटईकडे वळलीसुद्धा. मग त्याने मनाशी हिशेब जुळवला. मध्ये खांब, पुरुषांची रांग, सगळ्यांच्या पाठी. आत गेलं की कोण बघतंय? दहाही पुड्या आजच लावून टाकू. उशिरा का होईना, लागतील तर खऱ्या. मग खोटं ते खोटं राहणार नाही.

तो मूर्तीपाशी चढला. लाल दोरे सोडवायला बोटं चालेनात, म्हणून दातांनी तोडले. एक पुडी, दुसरी, तिसरी. घामाने वर्ख अंगठ्यालाच चिकटायचा. मागचा माणूस म्हणाला, अहो, घर बांधताय का इथे? याने मान वर केली नाही. प्रत्येक पानाला तो आई म्हणत होता, आणि पाचव्या पुडीपासून त्याला रडू आवरेना. खरं सांगायचं तर त्या रडण्यात त्याला बरंही वाटलं. दहावी पुडी संपली तेव्हा छातीवरचा नऊ वर्षांचा धोंडा उतरल्यासारखा तो खाली आला.

आणि बाहेर पाय ठेवताच तो जागीच थबकला. बायकांच्या चटईसमोर मोठा टीव्ही लावलेला होता. आत वर्ख लावणाऱ्यांचे चेहरे आणि हात त्यावर दिसत होते, कलिंगडाएवढे मोठे. नऊ वर्षांपूर्वी हा टीव्ही नव्हता. निदान त्याला आठवत तरी नव्हता. आठवणार कसा, आत कधी आला होता?

ताई टीव्हीकडेच बघत होती. तो तिच्याजवळ गुडघे टेकून बसला. तिने हात पुढे केला. त्याने झोळीतले रिकामे कागद आणि तोडलेले दोरे तिच्या ओंजळीत ठेवले. तिने ते मोजले नाहीत. तिचे दोरे तिला ओळखू येत होते.

"चुकलो, ताई," तो म्हणाला.

ताई इतक्या हळू बोलली की त्याला वाकावं लागलं. "मला फसवलंस ते मी गिळेन. पण दर पौर्णिमेला मी पाणी सोडून आईला सांगत आले रे, तुझ्या लेकाने तुझ्या नावाने सोनं लावलं म्हणून. नऊ वर्षं. मेलेल्या माणसाला मी खोटं सांगितलं."

हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. तो खाली बघत राहिला. कुठे जाऊन तोंड लपवावं, असं त्याला झालं.

तेवढ्यात शेजारच्या चटईवरची एक म्हातारी सरकत आली. गालांवर थनाखाच्या सालीचा पिवळट लेप, हातात वर्खाची एकच पुडी. तिने मिन स्वेचे सोन्याने माखलेले अंगठे कौतुकाने न्याहाळले. केवढ्या भक्तीने लावत होता, म्हणाली, आम्ही सगळ्या बघत होतो, रडत होता बिचारा. आजूबाजूच्या दोघी-तिघींनी त्याच्या पुण्याला दाद देत हात जोडून साधू, साधू, साधू म्हटलं. ताईचे ओठ हलले नाहीत.

"तुमचा भाऊ का?" म्हातारीने विचारलं. "भाग्यवान आहात हो."

मिन स्वे ताईकडे बघत राहिला. तिने एक शब्द बोलावा आणि संपून जावं सगळं, असं त्याला वाटलं. बोलू नये असंही वाटलं.

"हो," ताई म्हणाली, "माझाच."

मग म्हातारीने आपली पुडी दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरली. माझ्याकडचे पुरुष गेले सगळे, तिने सांगितलं, तुझ्या हाताला पुण्य आहे, माझ्या नवऱ्याच्या नावाने एवढं लावून दे बाळा. त्याचा हात पुढे होईना. पाचची बस होती, रांग लांब होती, आणि घेतो, उद्या लावतो, हे शब्द सवयीने जिभेवर आलेही होते.

ताईने ती पुडी घेतली. आपल्या ओंजळीतला एक तुटका लाल दोरा उचलून तिला गाठ मारली आणि त्याच्या हातात दिली.

"बस गेली तर जाऊ दे," ती म्हणाली. "आत्ताच जा. मी इथून बघते."