एकशे सत्तेचाळीस नंबरचं काडतूस

ताईंची सही आमच्या संग्रहालयात कुणी चष्मा लावून तपासत नसे. सव्वीस वर्षं मागच्या खोलीत बसून त्या दगडातले प्राणी सुईने मोकळे करत आल्या. काम संपलं की कागदावर लिहायच्या, ‘सर्व भाग एकाच प्राण्याचे’, आणि खाली सही. मग मी नोंदवहीत नंबर टाकायचो आणि साहेब मान डोलवायचे. साहेब तसे टेबलफॅनसमोर बसले तरी मान डोलवतात, पण त्या सहीपुढे बाहेरगावचे तज्ज्ञसुद्धा डोलवत.

मी नोंदणी कारकून. सगळे मला मोजणीभाऊ म्हणतात. मोजल्याशिवाय मला झोप लागत नाही, असं माझी बायको सांगते, आणि तिने किती जणांना सांगितलं तेही मी मोजलं आहे.

ताईंचा धाकटा भाऊ बाळ्या याच खोलीत काम करायचा. वय बेचाळीस, पोट सुटलेलं, तरी बाळ्याच. आई गेली तेव्हा तो आठ वर्षांचा होता. ताईंनी त्याला वाढवला, शिकवला आणि शेवटी शेजारच्या स्टुलावर आणून बसवला. तो खाणीतून काळ्या दगडाच्या लाद्या आणून फोडायचा आणि ताई साफ करायच्या. दोघं एका डब्यातून जेवत. बोलण्यापेक्षा भांडण जास्त, पण तेही हळू आवाजात, सुई हलू नये म्हणून.

मागच्या वर्षी बाळ्याने आणलेल्या एका लादीत बेलेम्नाइट निघाला. बेलेम्नाइट म्हणजे आजच्या समुद्रातल्या माकुलाचा कोट्यवधी वर्षांपूर्वी संपलेला भाऊबंद. दहा हात, हातांवर गळासारखे बारीक आकडे, पोटात शाईची पिशवी आणि मागच्या टोकाला दगडासारखी कठीण, निमुळती कांडी. मऊ अंग कुजून जातं आणि कांडी उरते, म्हणून कांड्या पोत्याने सापडतात आणि अंगासकट प्राणी जन्मात एखादाच. कांडी हुबेहूब बंदुकीच्या काडतुसासारखी दिसते. आमच्याकडे तिचं नावच काडतूस. सुटी काडतुसं एका खणात ठेवलेली, प्रत्येकावर शाईने नंबर घातलेला, एकूण दोनशे बारा. दर महिन्याच्या एक तारखेला मी ती मोजतो. का, ते विचारू नका.

या लादीत मात्र उलटं झालं होतं. हात होते, आकडे होते, शाईची पिशवी मनुक्यासारखी सुरकुतलेली होती, आणि काडतूसच नव्हतं. तिथे लादी तुटलेली. ताईंनी सात महिने खपून एकशे तीस आकडे मोकळे केले आणि शेपटाकडची जागा रिकामी ठेवली.

“काहीतरी भरून टाका की,” मी एकदा म्हणालो. “बघणाऱ्याला बरं वाटेल.”

“तुमच्या वहीत एखादा नंबर सुटला तर शेजारचाच दोनदा लिहिता का?”



त्यांचा एक नियम होता. तुटलेला तुकडा परत बसवताना सांध्यात भरायच्या लुकणात त्या चिमूटभर हिरवा रंग घालत. साध्या डोळ्याला दिसत नाही, भिंगाखाली दिसतो. त्या बारीक हिरव्या रेघेचा अर्थ एकच, इथे तुटलं होतं आणि जे तुटलं तेच इथे बसवलं आहे. लुकणाची बरणी हाताळायची परवानगी जगात दोघांनाच होती, ताईंना आणि बाळ्याला.

मग ताईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. अकरा दिवसांनी एका डोळ्यावर पट्टी बांधून त्या आल्या, तर लादी पूर्ण. शेपटाकडे काडतूस बसलेलं आणि सांध्यात हिरवी रेघ.

“खाणीतल्या ढिगाऱ्यात मिळालं,” बाळ्या म्हणाला. “तीन दिवस चाळत होतो. तू परत येशील तेव्हा दाखवायचं ठरवलं होतं.”

ताईंनी उघड्या डोळ्याला भिंग लावलं, रेघ पाहिली आणि बाळ्याच्या डोक्यावर टपली मारली. सव्वीस वर्षांत त्यांना एवढं खूश झालेलं मी दोनदाच पाहिलं होतं. त्यांनी कागदावर सही केली. प्रदर्शन पुढच्या सोमवारी होतं.

गुरुवारी एक तारीख आली. मी खण उघडून मोजलं, दोनशे अकरा. परत मोजलं, दोनशे अकरा. एकशे सत्तेचाळीस नंबर गायब.

“तुमचं एक पोर घरातून पळालंय,” मी खोलीत जाऊन म्हणालो. “एकशे सत्तेचाळीस.”

मी थट्टेत बोललो होतो. ताईंची सुई मात्र थांबली. पट्टी त्याच सकाळी निघाली होती. दोन्ही डोळ्यांनी त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाळ्याच्या स्टुलाकडे. बाळ्या चहाला गेला होता.

“एकशे सत्तेचाळीस म्हणजे गाठवालं,” त्या म्हणाल्या. “जिवंतपणी त्याला कुणीतरी चावलं होतं. जखम भरून आली आणि टोकाजवळ मोहरीएवढी गाठ राहिली. मीच साफ केलंय.”

लादीतल्या काडतुसावर गाठ दिसत नव्हती. पण त्याची अर्धी बाजू दगडात होती.

बाळ्या आला. ताईंनी लादी त्याच्यासमोर सरकवली आणि लुकण विरघळवायची बाटली शेजारी ठेवली.

“काढ हे.”

“वेडी झालीस का ताई? सोमवारी प्रदर्शन आहे.”

“काढ. तुझा हात माझ्यापेक्षा हलका आहे.”

“आणि काढताना आकडे निखळले तर? सात महिने घालवलेस तू यात. खरं असलं तर काय करशील?”

“सगळ्यांसमोर तुझी माफी मागेन. तू काढ.”

बाळ्याने दोन्ही हात खिशात घातले.

खरं तर तिथेच सगळं संपलं होतं. पण ताई नेमक्या बाई. त्यांनी कुंचल्याने सांध्यावर थेंब थेंब सोडायला सुरुवात केली. पाऊण तास थेंब पडत राहिले. काडतूस सैल झालं तसं त्यांनी ते दोन बोटांत धरून उचललं आणि न पाहताच अंगठ्याने चाचपलं. मग माझ्या तळहातावर ठेवलं. मोहरीएवढी गाठ होती. नंबर कानशीने घासून काढलेला होता.

“तुझ्यासाठीच केलं,” बाळ्या म्हणाला. “निवृत्तीआधी तुझं एक तरी काम दर्शनी दालनात लागावं म्हणून. अर्धवट प्राणी कोण लावतं तिथे?”

हे मला खरं वाटलं असतं. पण ताई दवाखान्यात असताना त्यांच्या जागेसाठी बाळ्याने केलेला अर्ज माझ्याच टेबलावरून पुढे गेला होता, आणि ‘स्वतः पूर्ण केलेले काम’ या रकान्यात हीच लादी होती. ताईंना लागेल म्हणून मी ते सांगितलं नव्हतं. आता सांगितलं.

ताईंनी ऐकून घेतलं. अर्जाचं त्यांना फारसं काही वाटलेलं दिसलं नाही.

“जागा मी तुलाच देणार होते,” त्या म्हणाल्या. “दुसरं कुणी आहे का मला? आणि फसवायचंच होतं, तर साधं लुकण भरायचं. मी रागावले असते, विसरलेही असते. हिरवं कशाला घातलंस?”

“साधं असतं तर तू सही केली नसतीस.”

बाळ्या हे अगदी सहज बोलला, हिशोब बरोबर आल्यासारखा. बोलून झाल्यावर त्यालाच ते ऐकू आलं असावं, कारण तो स्टुलावरून उठला.

ताईंनी सहीचा कागद मागितला, ‘सर्व’वर काट मारली आणि शेपटाकडचा भाग नाही असं लिहिलं. लादी तशीच, रिकाम्या जागेसकट, सोमवारी कोपऱ्यातल्या दालनात लागली. साहेबांनी मान डोलवली. एकशे सत्तेचाळीसवर मी तोच नंबर शाईने पुन्हा घातला. खणात पुन्हा दोनशे बारा झाली.

मंगळवारी ताईंनी मला विचारलं, “बाळ्याने आणि मी मिळून केलेल्या लाद्या किती?”

“त्रेसष्ट.”

“हिरवी रेघ असलेल्या?”

“सगळ्या.”

त्यांनी मान हलवली. बाळ्याचं स्टूल भिंतीशी सरकवून त्यावर लुकण विरघळवायची बाटली ठेवली. मग कपाटातून पहिली लादी काढून आणायला सांगितली. बाळ्या एकोणीस वर्षांचा असताना दोघांनी मिळून केलेली, छोट्या माशाची. मी ती त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी दिवा लावला, कुंचला बुडवला आणि सांध्यावर धरला. थेंब पडायला बराच वेळ लागला.